अंगणातला विस्तव

दवाखान्याच्या अंगणातल्या चुली काढल्या, तो दिवस बुधवार होता. ट्रॅक्टर आला. मजुरांनी दगड भरले, राख भरली, जमीन सपाट केली. दुपारी फरशीवाले आले. डॉक्टर तेव्हा आत ऑपरेशन करत होते.

मी ते माडीवरच्या खिडकीतून पाहिलं. मी त्यांची भाडेकरू. अक्कलकुव्याच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा ही खोली रिकामी होती, कारण खाली बाळंतिणींचा दवाखाना आणि वेळी-अवेळी बायकांचं ओरडणं. कुणी टिकत नसे. डॉक्टरांनी कुलूप उघडून दिलं आणि म्हणाले, "बाई, इथे झोप लागणार नाही. पण एकटं वाटणार नाही." दोन्ही खरं ठरलं.

ते तापीकाठचे. प्रकाशा गावाजवळ त्यांच्या भावांची केळी, ऊस, गुजर शेतकऱ्यांचं भरलं घर. शिकून आलेला मुलगा शहाद्याला मोठा दवाखाना टाकणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी तो इथे टाकला, मोलगीकडच्या जीपा डोंगर उतरून येतात त्या रस्त्यावर. का, असं मी एकदा विचारलं. "तिकडच्या बायकांना डॉक्टर निवडता येतो," एवढं म्हणून ते पुस्तकात शिरले.

पुस्तकं माझ्याकडूनच जायची. रहस्यकथा, शिकारकथा, प्रवासवर्णनं, काहीही चालायचं. खुणेसाठी जखमेच्या पट्टीचा तुकडा असे, आणि पुस्तक परत यायचं तेव्हा तो शेवटच्या प्रकरणाच्या आधी असायचा. दर वेळी. "शेवट वाचत नाही तुम्ही?" "शेवट मला खाली पुष्कळ मिळतात. मधलं वाचू द्या." खुनी कोण हे माहीत नसलेला रहस्यकथांचा एवढा मोठा वाचक मी दुसरा पाहिला नाही.

बोलण्याची तऱ्हाही उलटी. गावातले सावकार, पुढारी, औषध कंपन्यांचे टाय लावलेले लोक, सगळ्यांना 'तू'. डोंगरातून आलेल्या बायकांना मात्र 'तुम्ही', 'बसा', 'घ्या'. त्यांच्या बोलीत कुणी कुणाशी असं बहुवचनात बोलत नाही. एखादी म्हातारी 'तुम्ही' ऐकून मागे वळून बघायची, आपल्यामागे आणखी कोण उभं आहे म्हणून. मग हसत सुटायची. डॉक्टरही हसायचे, पण सवय सोडली नाही.

त्यांचा पहिला प्रश्न कधी कळांबद्दल नसे. जीप थांबली की ते पायऱ्यांवर येऊन विचारत, "कोण कोण आलं?"

कारण डोंगरातली अडलेली बाई एकटी येत नाही. अर्धा पाडा तिच्याबरोबर उतरतो. नवरा, सासू, चुलत्या, जडीबुटी जाणणारा एखादा म्हातारा, पिठाचं गाठोडं, भांडी, पाय बांधलेली कोंबडी. म्हणून दवाखान्यापुढचं अंगण डॉक्टरांनी मोकळं ठेवलं होतं आणि तिथे चुली मांडल्या होत्या, तीन तीन दगडांच्या. माणसं उतरायची, विस्तव करायची, पातेलं चढवायची, आणि मग बाई आत जायची. हा क्रम डॉक्टर मोडू देत नसत. जीव धोक्यात असेल तेव्हाच तो बदलायचा, आणि तेव्हाही बाहेर कुणी तरी काडी ओढायचंच. "तिच्या माणसांचा धूर तिला आत वासाला येतो," ते म्हणत. "निम्मी तर ती त्यावरच सुटते."

दवाखान्यातली आया अक्कलकुव्याचीच, तोंडाने तिखट. ती अहिराणीत टोमणा मारायची, "डाक्टरसाहेब, तुम्ही बाईले तपासतस का तिन्हा गावले?"

"गावले," डॉक्टर म्हणायचे. "बाई ते ठीक शे."

या बायकांना घेऊन येणारी बहुतेक वेळा एकच म्हातारी असायची. मोलगीपलीकडच्या एका पाड्यावरची सुईण. आपल्याच्याने होणार नाही असं वाटलं की ती न हटता बाईला जीपमध्ये घालून खाली आणायची आणि बाळंतपण होईपर्यंत तिच्या उशाशी बसायची. डॉक्टर तिला याहा म्हणत. त्यांच्या बोलीत याहा म्हणजे आई. ती त्यांना दागतर म्हणायची आणि सगळ्यांसमोर झापायची.

एकदा आया भाचीच्या लग्नाला तळोद्याला गेली होती. डॉक्टर तापाने आत पडून होते. दवाखान्यात त्या दिवशी कुणी नव्हतं, त्यामुळे अंगणात चूल पेटली नव्हती. मी कॉलेजला निघाले तर फाटकाबाहेर दहा-बारा माणसं उभी, मागे जीपमध्ये एक पोटुशी बाई बसलेली. कुणी बोलत नव्हतं. बायकांनी पदर कपाळापर्यंत ओढले होते. फाटकापाशी जमिनीवर मूठभर ज्वारी ठेवलेली. पुढे याहा. मी विचारलं, काय झालं? तिने माझ्याकडे बघून नुसती मान खाली घातली.

तेवढ्यात डॉक्टर बनियनवर घोंगडी गुंडाळून बाहेर आले. याहा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंडाचा जो पट्टा सुरू केला तो मला एक अक्षर न कळताही कळला. माणसं आधी गप्प, मग एक जण हसला, मग सगळेच हसत अंगणात बसले.

डॉक्टरांनी मला समजावलं. "त्यांच्याकडे घरात मयत झाली की चूल पेटत नाही. लोक येतात, दाराशी धान्य ठेवतात. हाक मारत नाहीत, विचारत नाहीत. विचारणं वाईट. पोटुशी बाई तर त्या घराच्या आवारातच शिरत नाही."

"म्हणजे तुम्ही..."

"सकाळपासून मेलेलो आहे. चहा घेऊन जा, बाई, तेराव्याचा."

ती ज्वारी त्यांनी दळून आणवली आणि तिची भाकर खाल्ली. स्वतःच्या मयताचं धान्य खाणारा या तालुक्यात मीच पहिला, असं पुढे कित्येक दिवस सांगत होते. पण त्या दिवसापासून एक नियम झाला. दवाखान्यात कुणी असो नसो, सकाळी अंगणात एक चूल पेटायची. आया तीवरच सगळ्यांचा चहा करायची. धुराने तिचे डोळे चुरचुरायचे आणि ती डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायची. चूल मात्र चुकली नाही.

मग त्यांनी दवाखाना एका कंपनीला का विकला, असं मला अजून लोक विचारतात. लोभ सुटला म्हणतात. तसं नव्हतं.

एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि थांबेना. दवाखान्यात रक्त नव्हतं. भूल देणारा डॉक्टर या गावात कधी टिकलाच नव्हता. तिला घेऊन ते स्वतः नंदुरबारकडे निघाले. ती वाटेतच गेली. परत आले ते चुलीशी येऊन बसले. मी वरून पुस्तक नेऊन दिलं, तर ते त्यांनी उघडलंच नाही. "बाई, मला सगळं करता येतं," ते म्हणाले, "पण हातात काही नाही." असं याआधीही झालं होतं. ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

म्हणून ती कंपनी आली तेव्हा त्यांनी दार उघडलं. लहान तालुक्यांत बाळंतपणाची आधुनिक रुग्णालयं चालवायची, असा तिचा उद्योग होता. पैसा दूरच्या शहरांतल्या गुंतवणूकदारांचा. कंपनी काढणारा तिशीचा तरुण होता. टी-शर्ट घालायचा, हळू बोलायचा, डॉक्टरांना सर म्हणायचा. तो खोटारडा नव्हता, हे मी आजही म्हणेन. ऑपरेशन थिएटर देतो म्हणाला, रक्त साठवायची सोय, भूलतज्ज्ञ, रुग्णवाहिका. सगळं दिलं.

पाहणीला आला तेव्हा अंगणात एक कुटुंब उतरलेलं होतं. याहाही होती. तिने त्याला हाताला धरून चुलीपुढे बसवलं आणि मक्याची भाकर, उडदाची डाळ वाढली. तो मांडी घालून जेवला. मागून घेतलं. डॉक्टरांनी त्याला ज्वारीची गोष्ट सांगितली, सकाळपासून मेल्याची. तो खूप हसला. "सर, हेच तर आपलं वेगळेपण," म्हणाला. "हे मी गुंतवणूकदारांना सांगणार." बरोबरच्या मुलीने त्याचा जेवतानाचा फोटो काढला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अंगणाचं, चुलींचं काही लिहून घेतलंत का?"

"जेवलाय तो," डॉक्टर म्हणाले.

"म्हणून काय झालं?"

"ज्या चुलीवरचं खाल्लं ती चूल माणूस मोडत नाही, बाई." माझ्या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलं. चाळीस किलोमीटरवर तापीकाठी जन्मलेला हा माणूस इतकी वर्षं डोंगरातल्या लोकांच्या शब्दावर जगला होता. त्याला वाटत होतं, सगळीकडे जेवण म्हणजे शब्दच.

सुरुवातीचे महिने चांगले गेले. तेही सांगायला हवं. रक्त साठवायचा फ्रीज आला त्या दिवशी डॉक्टर जिना चढून धापा टाकत वर आले. "बाई, चला, रक्त बघायला." खाली नेऊन त्यांनी मला त्या फ्रीजचं दार उघडून दाखवलं, लावलं, पुन्हा उघडलं. आया म्हणाली, "साहेब, त्याले गार ऱ्हाऊ द्या ना." आधी ज्या बायका नंदुरबारच्या रस्त्यावर गेल्या असत्या, त्या इथे वाचल्या. बाहेर अंगणात त्यांच्या माणसांच्या चुली होत्या.

मग इमारतीच्या बाजूला ऑक्सिजनची टाकी बसली. तिच्याजवळ विस्तव चालत नाही. हे डॉक्टरांनाही कळत होतं. त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत चुली हलवायला सांगितल्या, वर पत्रे टाकून द्या म्हणाले. फोनवर उत्तर आलं, उत्तम कल्पना सर, पुढच्या टप्प्यात करू. पुढचा टप्पा म्हणजे गुंतवणूकदार पुढचा पैसा देतील तेव्हा. तो तरुण आता येत नसे. एक व्यवस्थापक होता, तो टॅबवर बोट फिरवत दवाखान्यातून फिरायचा. पाहुणे येणार होते शहरातून, पैसा लावणारे. अंगण नीट दिसायला हवं होतं, आणि गाड्या लावायला जागा हवी होती.

त्या बुधवारी डॉक्टर ऑपरेशन संपवून बाहेर आले. ओली फरशी बघत पायऱ्यांवर उभे राहिले. मग आयाला म्हणाले, "चहा कर."

"कशावर करू?" आया म्हणाली.

आत चहाचं यंत्र होतं. बटण दाबलं की कागदी पेल्यात चहा पडायचा. त्यांनी तो घेतला आणि तसाच हातात धरून आत गेले. स्वागतकक्षाच्या भिंतीवर मोठी चौकट लागली होती. त्या तरुणाचा चुलीपुढे जेवतानाचा फोटो. शेजारी याहाचा हात, भाकर वाढणारा. चेहरा कापला गेला होता.

होळी झाली. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली डोंगरातली कुटुंबं होळीला घरी येतात, त्यांत याहाचंही. इकडे मागे काय झालं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

होळीनंतर एके दिवशी मी दुपारच्या जेवणाला कॉलेजातून आले. डॉक्टर सकाळपासून आत होते, अवघड ऑपरेशन होतं, नुकतेच बाहेर आले होते. ते फाटकापाशी उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर नव्या फरशीवर मूठभर ज्वारी होती. चिमण्या आल्या होत्या.

रखवालदार बाहेरगावचा, हिंदी बोलणारा. तो घाबरून सांगत होता, "साहब, मैंने कुछ नहीं बोला. रोका भी नहीं. गाड़ी आई, बूढ़ी उतरी, इधर-उधर देखा, ये रखा और सब वापस चले गए. गाड़ी में एक लड़की रो रही थी."

डॉक्टरांनी ती ज्वारी वेचून खिशात घातली. पिशवी भरली, फ्रीजमधून रक्ताच्या पिशव्या काढून बर्फात ठेवल्या. "बाई, चला," म्हणाले. मी का, ते मला कळलं नाही. कदाचित मी समोर होते म्हणून.

आम्ही जीप केली. चालक मोलगीच्या वाटेवरचा होता, त्याला ती गाडी समोरून गेलेली दिसली होती. "मी इचारं त्यास्ले," तो म्हणाला, "कसाले परत जाई ऱ्हायनात? कोणीच बोलनं नही. बाया तोंड झाकी बसेल व्हत्यात. माले वाटनं, कोणी मरी गयं."

"मीच," डॉक्टर म्हणाले.

चालकाने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि जीप दामटली. घाटात सागाची पानं गळून गेली होती. मोहाची फुलं रस्त्यावर पडली होती आणि बायका टोपल्यांत वेचत होत्या. डॉक्टर प्रत्येक वळणावर पुढे वाकून पाहत होते, थांबलेली गाडी दिसते का. दिसली नाही. मोलगी मागे पडलं. पुढे रस्ता कच्चा झाला.

त्या भागात घरं एकमेकांना चिकटून नसतात, प्रत्येक घर आपापल्या टेकाडावर असतं. आम्ही पाड्याच्या वरच्या अंगाला पोचलो तेव्हा सांजेच्या स्वयंपाकाची वेळ झाली होती. टेकाडाटेकाडावर कुडाची घरं आणि प्रत्येकाच्या छपरातून धूर निघत होता. डॉक्टर उतरले. उन्हाच्या तिरिपीवर हात धरून त्यांनी एकेक घर पाहिलं. एका घरावर धूर नव्हता.

"गाडी इथेच राहू द्या," ते म्हणाले. पिशवी त्यांनी हातातून सोडली नाही, पण चालण्याची घाईही आता नव्हती.

ती याहाची नातसून होती. बाळंतपण घाटातच, गाडीत झालं होतं. मग रक्त थांबलं नाही. बाळ जिवंत होतं. शेजारची एक बाई त्याला पदराखाली घेऊन बसली होती. दाराशी शेजाऱ्यांनी ठेवलेलं धान्य होतं.

याहा ओट्यावर बसली होती. डॉक्टरांना पाहून ती उठली. आधी किंचाळेल असं मला वाटलं. ती जवळ आली, त्यांच्या छातीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मग काही तरी विचारलं, लहानच वाक्य. तिने पुन्हा तेच विचारलं. त्यांनी खिशातून दुपारची ज्वारी काढली आणि मूठ तिच्या दाराशी, बाकीच्या धान्यात रिकामी केली.

उतरताना घाटात मी विचारलं, ती काय म्हणाली?

"म्हणाली, तू आहेस? मग तुझी चूल का नव्हती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः दगड आणले आणि अंगणाच्या कोपऱ्यात, टाकीपासून जितक्या लांब जमेल तितक्या लांब, चूल मांडून पेटवली. रखवालदाराने व्यवस्थापकाला फोन केला. तो आला, हात जोडून म्हणाला, "सर, तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाला सांगायचं?" रखवालदाराने बादली ओतली. डॉक्टर भांडले नाहीत. ते कधी भांडतात याची मी वाट बघत होते. त्यांनी ओल्या राखेत बोट घालून पाहिलं, हात धुतले आणि ऑपरेशनला गेले.

त्यानंतर ते पायऱ्यांवर येऊन "कोण कोण आलं?" विचारत नसत. विचारायला फारसं कुणी येतही नव्हतं. दागतर गेला, ही बातमी डोंगरभर झाली होती. नाही गेला, ही बातमी तेवढी चालली नाही. काही बायका सरकारी दवाखान्यात गेल्या असतील, बऱ्याच घरीच राहिल्या. खाटा रिकाम्या पडल्या. शहरातल्या लोकांनी ते टॅबवर पाहिलं आणि ही शाखा चालत नाही असं ठरवलं. त्यांच्या बाजूने ते बरोबरच असेल. जिथे चालेल तिथे ते पैसा नेतात.

सामान न्यायला ट्रक आला तेव्हा डॉक्टर एकच गोष्ट मागत होते, रक्ताचा फ्रीज. तो भाड्याचा आहे, सर, असं व्यवस्थापकाने सांगितलं. फ्रीज ट्रकमध्ये चढला. त्याच संध्याकाळी त्या तरुणाचा फोन आला. त्याचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. तो रडत होता की काय, नक्की सांगता येणार नाही. खूप वेळ बोलला, माफी मागितली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जेवलास का तू?" मग फोन ठेवला.

भावांनी त्यांना गावी नेलं. तिथे ते फार दिवस राहिले नाहीत. आजार कोणता, हे त्यांच्या भावांना नीट सांगता आलं नाही. आया आणि मी प्रकाशाला गेलो, तापीकाठी त्यांना नेलं तिथे. डोंगरातून कुणी आलं नाही. त्यांचं दाराशी धान्य ठेवून आधीच झालं होतं. आया परतीच्या वाटेवर फक्त एकदा बोलली. "आते खरंच मरनात," म्हणाली, "ते कोणी मानाव नही."

त्यांच्या टेबलावर माझ्या ग्रंथालयाची एक रहस्यकथा राहिली होती. पट्टीचा तुकडा शेवटच्या प्रकरणाच्या आधी होता. मी ती तशीच फडताळात ठेवली.

माडीवरच्या खोलीत मी अजून राहते. आता तिथे झोप लागते. खाली कुलूप आहे. अंगणात फरशी आहे. मोलगीहून उतरणाऱ्या जीपा इथे थांबत नाहीत.